पावसाळ्यात बाळ येतंय, सांगलीत आधी काय काय आणून ठेवू?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचते इथे, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

सातवा संपत आलाय. तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली दिलीय. पहिलं बाळंतपण, त्यामुळे माहेरी, म्हणजे सांगलीत नदीकाठच्या गावभागात. आता तिढा असा. नवऱ्याने नेटवरून यादी काढलीय, ६४ वस्तूंची. सासूबाई (कोरेगावच्या) म्हणतात, बाळ हातात येईपर्यंत घरात टाचणीसुद्धा आणायची नाही. आणि आई म्हणते, "तुझ्या वेळी दहा लंगोट, चार दुपटी आणि एक मेणकापड होतं. वाढलीसच की." तिघंही आपापल्या जागी ठाम, मी मध्ये पोट धरून बसलेय.

मला एवढंच सांगा, पहिल्या दीड महिन्यात खरंच काय लागलं? आणि काय आणलं ते तसंच पडून राहिलं?

शेपूची_भाजी
लंगोट. मग अजून थोडे लंगोट. पैसे उरले तर लंगोट.

हळदभाव
६४ च्या यादीत बाप कितव्या नंबरला हाय ते बघा आधी.

मिरजकर_काकू
अगं पोरी, अभिनंदन. तब्येतीला जप.

तुझी आई बरोबर आहे, फक्त आकडा थोडा वाढव. मी दोन मुलींची आणि एका सुनेची अशी पाच बाळंतपणं काढली आहेत, त्या हिशेबाने सांगते. सगळ्यात आधी घरातल्या जुन्या सुती साड्या बाहेर काढ. खूप धुतलेल्या, मऊ पडलेल्या. पाचवारी साडीची दोन पदरी मोठी दुपटी दोन-तीन होतात. नवं कापड कितीही मलमल म्हणून आणलं तरी दहा धुण्यांशिवाय त्याला तो मऊपणा येत नाही. दोन पदरी करून कडेने धावदोरा घातला की झालं. काठ मात्र कापून टाक, जरीचा काठ बाळाच्या गालाला टोचतो. आमच्या धाकटीने हौसेने इरकलीचं दुपटं केलं होतं काठासकट, पोराच्या हनुवटीवर लाल रेघ उठली.

बाकी झबली आठ-दहा, तीही समोरून किंवा मागून बंद बांधायची. डोक्यातून घालायचं काहीही आणू नकोस. मान धरत नसलेल्या पोराला ते घालताना तू आणि पोर दोघंही रडाल. टोपडी तीन, पायमोजे दोन जोड, मेणकापडं दोन, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी एक. पाळणा कुणाकडून तरी मागून आण, विकत नको. दुधासाठी चांदीचं बोंडलं माहेरचं असेलच. गुटीला सहाण काढून ठेव आणि गणपती पेठेतून बाळहिरडा, मुरडशेंग, वेखंड, काकडशिंगी, जायफळ असं सगळं निवडून आण. तयार पुडी घेऊ नकोस, त्यात काय दळलेलं असतं देव जाणे.

दोन_घरची_पाहुणी
काकूंच्या दुपट्यांना माझे शंभर मार्क. माझ्याकडे तेवढंच एक उरलंय, मुलगी आता नववीत आहे आणि अजून तेच गालाखाली घेऊन झोपते.

पण धागाकर्ती, तुझा प्रश्न पावसाळ्याचा आहे आणि ते कुणी बोलेना. माझा मुलगा ऑगस्टमधला. हिशेब मांड. नवीन बाळ दिवसाला दहा-बारा वेळा ओलं करतं, शिवाय प्रत्येक पाजण्यानंतर शी करणारीही बाळं असतात. म्हणजे दिवसाला १२ ते १५ लंगोट. उन्हाळ्यात सकाळी धुतलेला दुपारी कडकडीत वाळतो. श्रावणात घरात वाळायला दीड ते दोन दिवस लागतात. म्हणजे दोन दिवसांचे तीस वाळत, पंधरा अंगावर आणि घडीत. पंचेचाळीस झाले, पन्नासच धरा.

आम्ही वीस आणले होते. चौथ्या दिवशी सासरे उशीचे अभ्रे फाडत बसले होते.

वाळवायचं असं केलं: मशिनच्या ड्रायरला फिरवायचे, मग पंख्याखाली दोरीवर, शेवटी इस्त्री. दमट राहिलेला लंगोट बांधला की दुसऱ्या दिवशी मांड्या लाल. दोरी आडवी एकच बांधू नका, खोलीत येरझाऱ्या घालताना तोंडावर येते. घडीचा स्टँड घ्या. माझ्या मते ६४ मधली तेवढी एकच वस्तू पैसे टाकून घेण्यासारखी.

कृष्णाकाठची
बाप रे, पन्नास. आई वाचून हसतेय. स्टँडची नोंद केली.
डायपर पूर्ण टाळायचे का मग?

विश्रामबागी
टाळायचं काही कारण नाही हो. रात्री आणि दवाखान्यात जाताना लावा, दिवसा लंगोट. फक्त नवजातांच्या मापाचं मोठं पाकीट घेऊ नका. आमचं बाळ साडेतीन किलोचं झालं, तीन आठवड्यांत ते माप आवळायला लागलं आणि अर्धं पाकीट शेजारी गेलं. शेजारची खूश.

पडून राहिलेल्या वस्तू म्हणाल तर बाथटब (त्यात आता आम्ही कपडे भिजवतो), उभं राहता येणारे बूट, आणि सात जणांनी दिलेली सात खुळखुळ्यांची झुंबरं.

हळदभाव
लंगोट धुण्याचं मी सांगतो. आमच्या मंडळींचं सीझर झालेलं, सासूबाईंचं कंबरदुखीचं, म्हणून रात्रपाळी माझी. रात्री तीनला न्हाणीत बसून ब्रश मारायचा आणि सकाळी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभं राहून डुलक्या घ्यायच्या. नखं पिवळीधमक. पण आमच्या धंद्यात कुणी विचारलंसुद्धा नाही ओ.

शेपूची_भाजी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). फुटले.

डॉक्टर_चष्मेवाला
कराडला बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. सगळा धागा वाचला. काकूंच्या साड्यांच्या दुपट्यांना पूर्ण अनुमोदन. पुढच्या गोष्टींवर मात्र काकू रागावणार, आधीच माफी मागतो.

बोंडलं आणि बाटली, दोन्ही आणू नका. बोंडल्याची तोटी आतून नीट घासली जात नाही, जंतू तिथेच बसतात. वरचं दूध द्यायची वेळ डॉक्टरांनी आणलीच तर उकळलेली वाटी आणि चमचा पुरतो. आणि बाटली घरात असली की दुसऱ्याच रात्री कुणीतरी म्हणतं, "दूध पुरत नाही वाटतं." बाटल्यांची आणि पावडर दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, ते उगाच नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीही नको.

म्हणजे गुटीही नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. काजळ, नाळेवर हळद-तेल, वेखंडाची भुकटी उडवणं, हे सगळं टाळा. नाळ कोरडी ठेवा, आपोआप गळते. पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवा. झोपवताना पाठीवर, सपाट गादीवर. मोहरीची उशीही नको.

काय आणायचं ते विचारलंत म्हणून: डिजिटल तापमापक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, अंग गार पडलं किंवा ते दूध ओढेनासं झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि दुपटी शिवायच्या आधी लसींचं बघा. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हेपॅटायटिस बी या तीन दवाखान्यातून निघण्याआधी झाल्या का, ते कार्डावर पाहून घ्या.

मिरजकर_काकू
रागावले नाही डॉक्टर, पण पटलंही नाही. आमची पाचही पोरं गुटीवर वाढली, एकाला काही झालं नाही. एक वळसा हिरड्याचा, दोन वळसे मुरडशेंगेचे, हे मोजून उगाळायचं शास्त्र आहे.

डॉक्टर_चष्मेवाला
काकू, वळसे तुम्ही मोजता हे मला मान्य आहे. सहाण कोण उकळतं?

मिरजकर_काकू
...हं. सहाण नाही उकळली कधी.

आबा_पलूस
धुरीचं बोला की कुणीतरी. आमच्यात शेगडीत निखारं घालून वर डालगं पालथं टाकायचं, त्यावर लंगोट. ओवा आन् बाळंतशेपा टाकला की अर्ध्या तासात वाळत्यात. वासबी चांगला. पन्नास नगं आन् शंभर नगं.

दोन_घरची_पाहुणी
आबा, कपडे वाळवायला ठीक, पण दुसऱ्या खोलीत किंवा पडवीत. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखारे नकोत. आमच्या चुलतबहिणीला तसं घेरी येऊन पडताना बघितलंय, दार उघडल्यावर शुद्धीवर आली.

डॉक्टर_चष्मेवाला
अगदी हेच लिहायला आलो होतो. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

वाड्यातली_सून
गावभाग म्हणालीस आणि जुलैचा शेवट म्हणालीस, म्हणून राहवलं नाही. मीही गावभागातलीच.

२०१९ चा ऑगस्ट. माझी मुलगी अकरा दिवसांची. उद्या बारसं म्हणून पाळण्याला फुगे बांधलेले. पाणी चढतंय, चढतंय म्हणत सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं ते विचारत होते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आपल्याला पाठ असतं. त्या वर्षी ते ५७ च्याही वर गेलं. "२००५ ला आपल्या उंबऱ्यापर्यंतच आलं होतं" असं सासरे म्हणत होते, तोवर उंबरा दिसेनासा झाला. होडीतून निघालो. टाके ओले, मुलगी छातीशी बांधलेली, वरून मेणकापड.

घाईत काय उचललं होतं सांगू? नणंदेने बारशाचा चांदीचा सेट उचलला, वाळे-बिंदल्या. मी एक जुनी उशी उचलली होती, का ते आजही कळत नाही. लंगोटांची थप्पी पलंगावर तशीच राहिली. मुक्काम एका शाळेत. तिथे वीज नाही, प्यायचं पाणी टँकरचं आणि मोजून. शेजारच्या वर्गात एक बाळ वरच्या दुधावर होतं. त्याच्या आजीची पाणी उकळायला चूल शोधताना जी तारांबळ झाली ती मी विसरणार नाही. माझं दूध होतं म्हणून मुलीचं भागलं. पण कोरडं कापड! कुणीतरी वाटलेल्या साड्या आल्या, त्यातली एक आम्ही सहा बायकांनी दातांनी फाडून घेतली.

पाणी उतरल्यावर घरी गेलो तर पाळणा माळ्याच्या कडीला अडकलेला, आत बोटभर गाळ, फुगा एक शाबूत.

तेव्हा माझी यादी अशी. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, पीठ ठेवतो तसा, दाराजवळ. त्यात वीस कोरडे लंगोट, दोन दुपटी, तुझे दोन गाऊन, पॅड, विजेरी, आणि दवाखान्याची सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशवीत. आणि उंचावरचं एक घर आधीच ठरवून ठेव. विश्रामबागेत कुणी नातेवाईक असेल तर जुलैच्या पहिल्या आठवड्यातच तिकडे जा, सरळ.

कृष्णाकाठची
वाचून अंगावर काटा आला. आईने वाचलं आणि उठून पिठाचा डबा रिकामा करायला गेली. मावशी विश्रामबागेत आहे, आजच फोन करते.

तासगावचा_बेदाणा
वरचं कोयना धरण १०५ टीएमसीचं (अब्ज घनफूट). विसर्ग आधीपासून थोडा थोडा केला आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी वेळेत खाली ठेवली तर ही वेळच येणार नाही. मूळ प्रश्न तिथे आहे.

आबा_पलूस
अलमट्टीचा काय संबंध, खरा घोळ नदीपात्रातल्या बांधकामांचा हाय.

तासगावचा_बेदाणा
आबा, आकडे देऊ का?

शेपूची_भाजी
सांगलीकरांचा कुठलाही धागा घ्या, लंगोटापासून निघाला तरी अलमट्टीला पोचतो.

संपादक
अलमट्टीसाठी वेगळा धागा आहे, ३१२ प्रतिसाद झालेत, तिकडे ३१३ वा द्या. इथले पुढचे उडवले जातील.

जुळ्यांची_आई
एवढी चर्चा वाचली, पण बाळंतिणीला काय लागतं ते कुणी लिहिलंच नाही (वाड्यातल्या सूनबाईंनी दोन गाऊन तरी लिहिले). पुढून उघडणारे गाऊन चार तरी हवेत, कारण दुधाने भिजतात आणि पावसात तेही वाळत नाहीत. मोठे पॅड दोन पाकिटं. आणि पाजताना पाय टेकायला एक बुटकं स्टूल किंवा पाट. मी पहिला महिना पाय लोंबकळत ठेवून दोघांना पाजलं, पाठ अजून बोलते.

शिवाय मालिशवाल्या मावशींना आत्ताच सांगून ठेव. आमच्याकडे साताऱ्यात शनिवार पेठेत चांगल्या मावशींना लोक डोहाळजेवणातच गाठतात.

उपकेंद्रातली
मी एएनएम, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातली नर्स आहे. वस्तूंचं तुम्ही सगळ्यांनी सांगितलंच, मी कागदांचं सांगते. माता-बाल संरक्षण कार्ड कायम पर्समध्ये असू दे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण करणार असाल तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सीझर, औषधं, जेवण सगळं मोफत आहे, आणायला-सोडायला १०२ ची गाडीसुद्धा. खासगीत असाल तरी जन्माची नोंद २१ दिवसांत झाली का, हे दवाखान्यात विचारा. नाव नंतर घालता येतं, त्यासाठी नोंद अडवून ठेवू नका.

कोरेगावकर
मूळ धाग्याकडे येतो. सासूबाईंचं "आधी काही आणायचं नाही" हे आमच्या घरीही होतं. आपण हसतो, पण माझ्या आजीची चार बाळं गेली होती. भरलेला पाळणा रिकामा बघितलेल्या बाईशी काय वाद घालणार?

आजीनेच त्यातून वाट काढली होती. कापड आणायचं, कारण कापड काय, कुणाचंही होऊ शकतं. झबली शिवायचीसुद्धा, पण बंद लावायचे नाहीत. बंद नाहीत म्हणजे झबलं पुरं झालं नाही, पुरं झालं नाही म्हणजे आणलंच नाही. बाळ रडल्याचा निरोप आला की घरातल्या बायका सुई-दोरा घेऊन बसायच्या. सासूबाईंना विचारून बघा, चालेल बहुतेक.

मिरजकर_काकू
किती गोड. हे मला माहीत नव्हतं.

हळदभाव
आणि बापाला काय काम होतं तवा?

कोरेगावकर
सुईत दोरा ओवून द्यायचा. आजीला दिसायचं नाही.

कृष्णाकाठची
धागा वर काढतेय, क्षमस्व. दोन महिने डोकं वर काढता आलं नाही.

मुलगी झाली! तारखेच्या बारा दिवस आधीच आली, २ किलो ७००. विश्रामबागेत मावशीकडेच होतो. यंदा पाणी इशारा पातळीच्या खालीच राहिलं, पण पिठाचा डबा अजून दाराशी आहे. आई आता चपात्यांचं पीठ पातेल्यात ठेवते आणि कुणाला डब्याला हात लावू देत नाही.

हिशेब देते, कारण मागून वाचणाऱ्यांना उपयोग होईल. लंगोट ४५ केले, पुरले, एकदाच अभ्र्यावर पाळी आली. स्टँड एक नंबर. तापमापक दोनदा लागलं, दोन्ही वेळा मीच घाबरले होते, तिला काही नव्हतं. मेणकापडं दोन कमी पडली, तिसरं आणलं. काविळीसाठी दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, तेव्हा दवाखान्यात डायपरच लागले. बाटली आणली नाही. पहिले तीन दिवस सगळे म्हणत होते "पुरत नाही", तेव्हा डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. गुटीवरून आई आणि मी अजून बोलत नाही त्या विषयावर. सहाण मात्र तिने उकळून कपाटात ठेवलीय, "सहा महिन्यांनी बघू" म्हणाली.

नवऱ्याच्या ६४ पैकी ९ वस्तू आल्या. ओले रुमाल गरम करायचं यंत्र त्याने गुपचूप मागवलं होतं, मावशीने त्यात लोणी वितळवून बघितलं.

आणि कोरेगावकर, तुमचे विशेष आभार. सासूबाईंना बंदांचं विचारलं तर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्या आत्याबाई असंच करायच्या." स्वतः आठ झबली शिवून पाठवली, बिनबंदांची. मुलगी पहाटे झाली. त्या पहिल्या एसटीने निघाल्या आणि साडेनऊला दवाखान्याच्या बाकड्यावर, चप्पलही न काढता, बंद लावत बसल्या होत्या. दोरा नवरा ओवत होता.

शेपूची_भाजी
अभिनंदन!! नाव काय ठेवलं?

तासगावचा_बेदाणा
कोयना ठेवा.

संपादक
बेदाणा, शेवटची ताकीद.